पुण्याला जावं का? एक घरगुती हिशोब

पंधरा दिवस झाले, इथं काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "पत्रकार, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. घरात एक हिशोब चालला होता, तो परवा संपला. म्हटलं, आता लिहावं. कारण हा हिशोब एकट्या माझ्या घरातला नाही. बार्शीतल्या प्रत्येक गल्लीत तो कधी ना कधी मांडला जातो.

झालं असं की पुण्यातल्या एका वेब पोर्टलकडून मला विचारणा आली. डेस्कवरचं काम, दुपारी २ ते रात्री १०, हातात ४५,००० रुपये. पंचेचाळिशीत कोणी बोलावतंय म्हटल्यावर, खोटं कशाला बोलू, छाती जरा फुगली. २००४ ला पुण्यात पत्रकारितेचा डिप्लोमा करताना मी कॉट बेसिसवर राहायचो. एका खोलीत सहा जण, कॉटला महिना सहाशे रुपये. डिप्लोमा झाला आणि वडील आजारी पडले म्हणून परत आलो. वर्षभरात पुन्हा जाऊ म्हणालो होतो. ते वर्ष काही संपलं नाही.

तर मुलीची जुनी वही घेतली आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे बार्शी, उजवीकडे पुणे.

आधी बार्शी. पेपरचं मानधन १२,०००, जाहिरातींचं कमिशन सरासरी १२,०००, बायकोचा विनाअनुदानित शाळेतला पगार ९,०००. एकूण ३३,०००. घर वडिलांनी बांधलेलं, त्यामुळं भाडं नाही. ज्वारी घरच्या रानातली. किराणा, दूध, गॅस, लाईट, पेट्रोल, मुलीचा क्लास, आईच्या गोळ्या धरून खर्च १९,००० च्या आसपास. उरतात १४,०००. त्यातच लग्नाचे आहेर, दवाखाना, पाहुणे. पण उरतात.

आता पुणे. दोन खोल्या आणि किचनचं भाडं, गावाबाहेरच्या भागात, १८,०००. मेंटेनन्स आणि लाईट ३,५००. किराणा-दूध-भाजी १३,०००. मुलीचं कॉलेज आणि क्लास महिन्याला ६,०००. माझं पेट्रोल ३,५००. गोळ्या २,०००. मोबाईल-नेट १,०००. झाले ४७,०००. पगार ४५,०००. म्हणजे पगार १२ हजारांनी वाढणार आणि दर महिन्याला दोन हजार कमी पडणार! डिपॉझिट, एजंटचं एक महिन्याचं भाडं आणि अकरा महिन्यांनी पुन्हा तेच दुष्टचक्र, हे तर अजून धरलंच नव्हतं.

शहर महाग आहे हे सरकारलाही मान्य आहे बरं का. केंद्राच्या नोकरदाराला २०२४ पासून पुण्यासारख्या 'एक्स' वर्गाच्या शहरात मूळ पगाराच्या ३० टक्के घरभाडं मिळतं, आणि आमच्यासारख्या 'झेड' गावात १० टक्के. सरकारी माणूस बदलून गेला की त्याचा भत्ता आपोआप वाढतो. खासगीत जाणाऱ्यानं वाढलेलं भाडं स्वतःच्या ताटातून काढायचं.

आणि आपल्याला परवडणारं पुणे कुठलं असतं? तर २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, त्यातलं. इमारती आधी उभ्या राहिल्या, पाण्याची लाईन मागून यायची आहे, तोवर टँकर. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे रुग्ण सापडले ते सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडं. तेव्हा संशय पाण्यावरच होता. एका मित्रानं मला त्याच भागातला फ्लॅट सुचवला होता. "भावा, यापेक्षा स्वस्त मिळायचा नाही," म्हणाला. बरोबरच आहे त्याचं.

हे सगळं मांडून मी वही मिटली. मनातून बरं वाटलं. निर्णय झाला, आणि तो मला हवा तोच होता. जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं.

बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं, "अहो, पुण्याच्या बाजूला माझा पगार शून्य धरलाय का?"

मी धरलाच नव्हता. तिचं एम.ए., बी.एड. झालंय. अठरा वर्षं शिकवते. पुण्यात तिच्या दोन मैत्रिणी खासगी शाळेत १५ ते १८ हजारांवर आहेत. तिचे १५ हजार धरले तर पुण्यात दोन हजार कमी पडत नाहीत, १३ हजार उरतात. बार्शीत १४. म्हणजे हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो!

वीस वर्षं मी लोकांच्या बजेटमधल्या चुका काढतोय. नगरपालिकेचं अंदाजपत्रक हातात आलं की आधी काय लपवलंय ते बघतो. आणि स्वतःच्या घरात एका माणसाची कमाई सरळ गाळून बसलो.

मग ती शांतपणे म्हणाली, "बार्शी स्वस्त आहे ते तुमच्यासाठी. तुम्ही चौकात गेलात की चहाचे पैसे कोणी घेत नाही. मी अंधार पडल्यावर एकटी बाहेर दिसले की दुसऱ्या दिवशी तीन जणी विचारतात, कुठं गेला होता."

मला उत्तर सुचलं नाही. गावात माझं नाव आहे. तहसीलला गेलो की खुर्ची मिळते, दवाखान्यात नंबर लवकर लागतो. भगवंताच्या देवळापासून घरापर्यंत चालत यायला पाऊण तास लागतो, कारण दहा माणसं थांबवतात. पुण्यात मला कोण विचारणार? हे मी हिशोबात कुठं लिहिलं नव्हतं, पण सगळ्यात जास्त वजन त्याचंच होतं.

आणि त्या नावाचीही एक किंमत आहे, तीही आज सांगून टाकतो. जाहिरातीचं कमिशन म्हणजे काय? १५ ऑगस्ट, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस. ज्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात घेतली, त्याच्याविरुद्ध पुढच्या आठवड्यात बातमी लिहिताना पेन जड होतं. किती बातम्या मी 'उद्या बघू' म्हणून खिशात ठेवल्या, ते मलाच माहीत. गावात राहून मी फार मोठी पत्रकारिता करतोय, असा आव आणण्यात अर्थ नाही. पण डेस्कवर बसून दुसऱ्याच्या बातमीला 'पुढं काय झालं ते वाचून धक्का बसेल' असं शीर्षक द्यायचं, हेही काही वरचं काम नाही. इथं निदान रस्ता खचला की तो स्वतः बघून लिहितो.

मुलगी यंदा दहावी झाली. "मला इथंच अकरावी चालेल," असं तिनं मे महिन्यातच सांगितलं होतं. मी ते बार्शीच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. त्या रात्री ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला तेच ऐकायचं होतं, म्हणून म्हणाले."

तिला आर्किटेक्ट व्हायचंय. २०२४ ला सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. चांगला निर्णय आहे, मी तेव्हा बातमीही केली होती. पण फी माफ झाली तरी कॉट माफ होत नाही, मेस माफ होत नाही. म्हणजे आम्ही बार्शीत राहिलो तरी दोन वर्षांनी पुण्याचं भाडं आमच्या वहीत येणारच आहे. फरक एवढाच, की तेव्हा ती तिथं एकटी असेल.

राहिली आई. वय ७६. तिनं एकच विचारलं, "तिथं दारात बसायला वट्टा हाय का?" सातव्या मजल्यावर वट्टा कुठला. "मग तुम्ही जावा. मी हितंच बरी." ती रागावलेली नव्हती. शेजारच्या काकू, समोरचं दुकान, सकाळी दारावरून जाणारी भाजीवाली, एवढं तिचं जग आहे. ते ट्रकमध्ये घालून नेता येत नाही. आणि तिला एकटी मागं ठेवून मला झोप लागणार नाही.

तर परवा निर्णय झाला तो असा. पोर्टलला मी नाही कळवलं. माझ्या एकट्याच्या पगारावर जाणं म्हणजे पहिल्या महिन्यापासून उसनवारी. पण विषय संपलेला नाही. आता नोकरी बायको शोधणार. तीन शाळांत अर्ज गेलाय. तिला तिथं नीट पगाराची जागा मिळाली तर तिच्या नोकरीवर घर हलेल, आणि मी मागून काम शोधेन. माझ्या पुरुषी डोक्यात ही दिशा याआधी आलीच नव्हती, हे कबूल करतो. मुलगी तूर्त इथंच अकरावीला जाईल.

आईचं काय, याचं उत्तर माझ्या वहीत नाही. शनिवार-रविवार रात्रीच्या लातूर-मुंबईनं ये-जा करणारी बरीच घरं मला माहीत आहेत. बार्शी टाऊन स्टेशनवर पहाटे उतरणारी ती माणसं मी बघतो. त्यांच्या हातात औषधांच्या पिशव्या असतात. कदाचित आम्हीही त्यातलेच होऊ.

एवढंच कळलं, की गाव सोडावं का, हा हिशोब ज्याला गावात मान आहे त्यानं एकट्यानं करू नये. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

बार्शी सोडून पुण्यात राहिलेल्या ताई-वहिनींनी कमेंटमध्ये जरूर लिहावं. फायदा झाला की तोटा? पुरुषांचं मत मला माहीत आहे, ते दर दिवाळीला कट्ट्यावर ऐकतो.