मुद्रितशोधकाच्या हाती ईमॅक्सची सेटिंग

टेक्स्ट एडिटर म्हणजे अक्षरांची सजावट बाजूला ठेवून निव्वळ मजकूर लिहिण्यासाठी, शोधण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी वापरायचे सॉफ्टवेअर होय. त्याची सेटिंग सामान्य वापरकर्त्याला अवघड वाटतात, ती त्यांच्या प्रचंड संख्येमुळे, असे सहसा सांगितले जाते. परंतु मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधक आणि अनुवादक यांना ईमॅक्स हा एडिटर शिकवताना प्रस्तुत लेखकाला जे दिसले, त्यावरून हे कारण अपुरे वाटते. शेकडो पानांच्या हस्तलिखितातील अनुस्वारांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला पर्यायांच्या संख्येची भीती वाटत नाही. हात लावल्यावर काय बिघडेल आणि बिघडलेले पूर्ववत कसे होईल, हे आधी कळत नसल्याने तो थबकतो.

ईमॅक्सच्या बाबतीत ही धास्ती निराधार नव्हती. १९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको या जुन्या एडिटरवर रचलेल्या मॅक्रोंचा, म्हणजे एकत्र बांधलेल्या आज्ञांचा, संच म्हणून ईमॅक्स आकाराला आले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये लिहायला घेतलेले ग्नू ईमॅक्स हे त्याचे आज प्रचलित असलेले रूप आहे. त्याचा बहुतांश भाग लिस्प या प्रोग्रामिंग भाषेच्या एका बोलीत लिहिलेला असून, वापरकर्त्याच्या आवडीनिवडीही त्याच भाषेत एका आरंभ-फाइलमध्ये, म्हणजे एडिटर सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, लिहाव्या लागत. त्या फाइलमध्ये एखादा कंस बंद करायचा राहिला, तर वाचन तिथेच थांबते आणि पुढच्या साऱ्या ओळी निष्फळ ठरतात. प्रोग्रामरला ही चूक क्षणात उमगते. इतरांना मात्र कालपर्यंत चालणारे यंत्र आज आपल्या हातून मोडले, एवढेच कळते.

तथापि प्रोग्रामर नसलेल्यांना हे जमतच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी १९७८ मध्ये मल्टिक्स या संगणक-प्रणालीसाठी लिहिलेल्या ईमॅक्सविषयी स्टॉलमन यांनी पुढे एका व्याख्यानात सांगितले, की ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातील सचिव-कर्मचारी एका पुस्तिकेच्या आधारे एडिटरमध्ये स्वतःच्या सोयीच्या नव्या आज्ञा तयार करू लागले होते आणि आपण करतो ते प्रोग्रामिंग आहे असे त्या पुस्तिकेत कुठेही म्हटलेले नसल्याने ते बिचकले नाहीत. या विषयावर विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण ध्यानात ठेवावे, इतके ते मोलाचे आहे. कारण क्षमतेचा अभाव आणि क्षमतेविषयीची शंका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून लख्ख दिसते.

१९९७ च्या ईमॅक्स २० या आवृत्तीत पेर अब्राहमसेन यांनी घडवलेली ‘कस्टमाइझ’ ही व्यवस्था दाखल झाली. तिच्यामागची कल्पना अशी, की सेटिंग निर्माण करणाऱ्या प्रोग्रामरनेच त्याचे मूळ मूल्य, त्याचा प्रकार (संख्या, मजकूर, होय-नाही किंवा ठरावीक पर्यायांपैकी एक) आणि त्याचे वर्णन कोडमध्ये नोंदवावे आणि त्या नोंदीवरून एडिटरने भरायचा अर्ज आपोआप तयार करावा. अर्ज वेगळा रचावा लागत नसल्याने नव्याने बसवलेल्या पूरक पॅकेजची सेटिंगही त्याच ठिकाणी, त्याच रूपात समोर येतात.

मुद्रितशोधकांना पडद्यावरच्या लांब ओळी वाचताना नजर घसरते म्हणून ओळीची रुंदी कमी हवी होती. ही रुंदी ठरवणारे ‘फिल कॉलम’ हे सेटिंग, ज्याचे मूळ मूल्य ७० आहे, अर्जात उघडल्यावर त्याच्याखाली त्याची स्थिती लिहिलेली दिसते: प्रथम मूळ स्थिती, आकडा बदलताच, बदल केला आहे पण तो अजून लागू झालेला नाही, अशी सूचना, लागू केल्यावर, फक्त या सत्रापुरता, असा खुलासा, आणि जतन केल्यावर तशी नोंद. जवळच्या बटणातून मूळ मूल्याकडे परतता येते. ही स्थिती-ओळ वाचल्यावर शिकणाऱ्यांचा हात मोकळा झाला, हे लेखकाने पुनःपुन्हा पाहिले. याच सेटिंगमध्ये आणखी एक खाच आहे. आरंभ-फाइलमध्ये नेहमीच्या आज्ञेने ते बदलले, तर नवे मूल्य केवळ त्या वेळच्या मजकूर-खिडकीपुरते लागते आणि सर्वत्र लागू होण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते; अर्ज मात्र हा भेद स्वतःच सांभाळतो.

देवनागरी लिहिणाऱ्यांना येथे एक ठेच लागते. इनस्क्रिप्ट कळफलक चालू असताना त्या चौकटीत ‘५०’ हा आकडा देवनागरीत टंकित झाला, की येथे पूर्णांक हवा, असे सांगून ईमॅक्स तो नाकारते, कारण लिस्प देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. मराठी वाचकाच्या दृष्टीने पन्नास हा आकडा दोन्ही लिपींत पन्नासच असतो. त्यामुळे चूक नेमकी कोणती, हे त्या इंग्रजी संदेशातून उलगडत नाही. येथे उणीव एडिटरची आहे, वापरकर्त्याची नव्हे.

उणिवा इतरही आहेत. प्रोग्रामरने प्रकार नोंदवण्याचा कंटाळा केला, तर अर्जात चौकट येते, पण तिच्यात कच्चे लिस्पच लिहावे लागते, आणि सगळी सोय दारातच संपते. वर्णनेही बहुधा एका प्रोग्रामरने दुसऱ्याला सांगावीत अशा थाटाची आणि केवळ इंग्रजीत आहेत. अर्ज आणि संदेश मराठीत दाखवण्याची तजवीज ईमॅक्समध्ये नाही. शिवाय जतन केलेले बदल आरंभ-फाइलमध्येच, हाताने बदलल्यास बिघडू शकेल अशा इशाऱ्यासह, लिहिले जातात. त्यांना स्वतंत्र फाइल देता येते, पण ती देण्यासाठी आरंभ-फाइलमध्ये लिस्पची ओळ लिहावी लागते.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरनेही २०१८ मध्ये, आधी केवळ जेसन या संरचित मजकूर-स्वरूपात लिहावी लागणारी सेटिंग शोधता येतील अशा अर्जात आणली. बदललेल्या सेटिंगच्या कडेला तेथे खूण उमटते आणि मूळ जेसन फाइलही एका बटणावर उघडते, त्यामुळे अर्जाकडून मजकुराकडे जाण्याची वाट खुली राहते. ही वाट महत्त्वाची आहे. अर्जावर थांबावे की पुढे जावे, हे वापरकर्त्याने ठरवावे, एडिटरने नव्हे.

म्हणून एडिटर किंवा त्याची पॅकेजे लिहिणाऱ्या मराठी प्रोग्रामरांना एवढीच विनंती आहे, की प्रत्येक सेटिंगचा प्रकार नोंदवावा, वर्णनाचे पहिले वाक्य कोड न येणाऱ्या माणसासाठी लिहावे आणि आकड्याच्या चौकटीत देवनागरी अंक स्वीकारावेत.