इंग्रजी हवं, बाप्तिस्मा नको

कळव्यात शाळेच्या नावात ‘सेंट’ असलं म्हणजे ती ख्रिस्ती लोकांची असेलच असं नाही. ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द तर आमच्या चाळीत मराठीच झालेला. ‘पोरगी कॉन्व्हेंटला आहे’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे. आईबापांना तिथलं इंग्रजी हवं असतं, शिस्त हवी असते. प्रार्थनेकडे ते काणाडोळा करतात.

मी दादरला गाडी बदलून चर्नी रोडला विल्सन कॉलेजात जाऊ लागले, तेव्हा कळलं की हा सौदा मुंबईत लोकल येण्याच्याही आधीचा आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये. विल्सनची सुरुवात शाळा म्हणून झाली ती १८३२ मध्ये, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या पंचवीस वर्षं आधी. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी ती काढली. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मराठी शिकून मुलींसाठी शाळा सुरू केल्या आणि १८३५ मध्ये त्या मुंबईतच वारल्या. चौपाटीसमोरच्या इमारतीवर नाव नवऱ्याचं आहे. असो.

१८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. आईबापांनी भराभर मुलं काढून घेतली, वर्ग ओस पडले.

मला छळतो तो मात्र श्रीपत शेषाद्री. १८४३ मध्ये त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला, आणि श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. तो अज्ञान होता, म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिलं. पोरगा घरी आला, पण जातीत नाही. मिशनऱ्यांच्या घरी जेवला, म्हणजे बाटला! प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले. या सगळ्या गदारोळात त्या पोराला काय हवंय, हे कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

एवढं होऊनही मुलं परत आली. धर्माची भीती गेली होती असं नव्हे. इंग्रजीवाचून सरकारी नोकरीत वर चढता येत नव्हतं. बाप बायबलचा तास सोसायला तयार झाले. घरी संध्याकाळी परवचा होताच. मिशनऱ्यांनाही उमगलं असावं की इथली मुलं वर्गात बसतील, परीक्षा देतील आणि जशी आली तशीच घरी जातील. स्वतः विल्सनसाहेब पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

याच कॉलेजातून पांडुरंग वामन काणे बी.ए. झाले. कोकणातले चित्पावन, त्याआधीचं शिक्षणही दापोलीच्या मिशन शाळेत. मिशनऱ्यांच्या हाताखाली शिकून या गृहस्थांनी लिहिला तो धर्मशास्त्राचा इतिहास, तोही इंग्रजीत. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.