शिळेंतील समुद्र

छिंदवाड्याकडील मोहगांव कलां येथें लाव्हाच्या दोन थरांमध्यें सांपडलेल्या वनस्पतींविषयीं वाचतांना आम्हांस आश्चर्यापेक्षां संशयच अधिक वाटला. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींची हवा कोणीं पाहिली?

परंतु वनस्पतीस पळतां येत नाहीं, हेंच तिच्या साक्षीचें बळ. जनावर थंडी पडतांच स्थलांतर करील. झाडास मात्र रुजल्या जागींच ऋतु सोसावे लागतात. लांकडांत सिलिका मुरून त्याचा दगड झाला, तरी पेशींची मांडणी शाबूत राहते. मोहगांवीं ताडवर्गाचे अवशेष विपुल आहेत. अर्थात् तेथें कडाक्याची थंडी नसावी. इथपर्यंत ठीक. पण तेथेंच निपाचें फळ मिळालें आहे! आज हा ताड सुंदरबनासारख्या खाऱ्या दलदलींत वाढतो. म्हणून समुद्रापासून शेकडों मैल दूर असलेल्या या माळापर्यंत एकेकाळीं भरतीचें पाणी येत असावें, असें शास्त्रज्ञ म्हणतात.

एका फळाच्या आधारें खाडी आणणें धाडसाचेंच. पूर्वजांच्या व वंशजांच्या आवडी एकच असतात, हें आमच्या स्वयंपाकघरांतही खरें ठरत नाहीं. मात्र कांदळवनांतील चिप्पीशीं जुळणारें लांकूडही तेथें मिळाल्याचें कळलें, तेव्हां आमचा संशय बराच ढिला पडला.