दिवसापुरते बिऱ्हाड

बदलीच्या नोकरीत आम्ही बिऱ्हाडे पुष्कळ केली. पण जेथे रात्री निजण्यास मनाई, असे बिऱ्हाड लंडनच्या नेमणुकीत बोर्नमथच्या किनाऱ्यावरच लाभले. तेथील नगरपालिकेने १९०९ मध्ये अशा लाकडी खोल्या प्रथम उभारल्या. मे महिना, तरी वारा बोचरा. मुले स्वेटरवर स्वेटर चढवून किल्ला रचीत होती. शेजारचे वृद्ध जोडपे कुडकुडत मुकाट्याने समुद्र पाहत होते. (इंग्रजांची ही तितिक्षा आम्हांस नेहमीच थोडी संशयास्पद वाटते.) आमच्या शेगडीवर आधण येईना. परवा देशी परतणारी आई उठली आणि शाल पसरून दारात वाऱ्याला पाठ देऊन उभी राहिली.

"एवढीशी जागासुद्धा पुरली असती रे मला," ती म्हणाली.

आम्ही चहाची पूड शोधू लागलो.