तीनशे ऐंशी शेअर

स्मरणिकेसाठी वसतिगृहाच्या आठवणी लिहून द्याव्यात, असा संपादक मंडळाचा निरोप आम्हां दोघा भावांना आला. आठवणी आमचे वर्गबंधू लिहितीलच. आम्ही गेल्या पावसाळ्यात विकलेल्या शेअरविषयी लिहावयाचे ठरविले. आपल्या शाळेतून बाहेर पडून अंधेरी-पवईच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना आता पगाराबरोबर कंपनीचे शेअर मिळतात. ते केव्हा विकावेत, हे सांगणारे वडीलधारे माणूस मात्र त्यांच्या घरात बहुधा नसते.

आमच्याही नव्हते. वडील गोदीत कामाला. नड आली की कामगारांची पतपेढी, आणि तिथलेही कर्ज शिल्लक असेल तर आईचे सोने. आम्हांला शाळेत ठेवताना तिच्या दोन पाटल्या घाटकोपरच्या सराफाकडे गहाण पडल्या, त्या परत आल्या नाहीत. शेअर ही दुसऱ्यांच्या घरची वस्तू होती. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्याआधी बाबासाहेबांनी याच मुंबईत शेअरविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला होता आणि सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले, हे आम्ही फार उशिरा वाचले. त्या दाराशी आपण किती वर्षे उशिरा पोहोचलो, ते तेव्हा कळले.

आमच्यापैकी थोरला अंधेरीतील एका कंपनीत हिशेब खात्यात आहे, धाकटा मुलुंडला शिक्षक. थोरल्याच्या नावावर कंपनीच्या योजनेतून सहाशे शेअर जमले होते. ते फुकट मिळतात, असा आमच्या नात्यातल्यांचा समज. तो खरा नाही. ठरलेली किंमत भरून शेअर घ्यावा लागतो. त्या दिवशीचा बाजारभाव आणि आपण भरलेली किंमत यांतला फरक पगारात धरला जातो आणि एकही शेअर विकलेला नसताना त्यावर कर कापला जातो. पुढे विकताना नफा मोजायचा तो त्या बाजारभावापासून. वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर 20 टक्के कर. त्यानंतर विकले तर 1 लाख 25 हजारांपुढील नफ्यावर साडेबारा टक्के. हे सारे आम्हांला पाठ होते. तरीही एक गोष्ट नडली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वडिलांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे निघाले. शस्त्रक्रिया पंधरा दिवसांत करावी, असे डॉक्टर म्हणाले. विम्याची रक्कम वजा जाता चार लाख कमी पडत होते. आम्ही निर्धास्त होतो. शेअर होते ना! रात्री थोरल्याच्या लक्षात आले की विक्रीची खिडकी बंद आहे. कंपनीच्या आतली माहिती ज्यांच्या हाती असते, त्यांना तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन अठ्ठेचाळीस तास उलटेपर्यंत आपल्याच कंपनीचे शेअर विकता येत नाहीत. सेबीचा हा नियम रास्तच आहे. हिशेब खात्यातल्या माणसाला नफा आधी दिसतो. पण त्या रात्री तो रास्तपणा आम्हांला गोड लागला नाही.

वसतिगृहात चार वर्षे शेजारच्या कॉटवर झोपलेला आमचा मित्र बोरिवलीला राहतो. दादरला गाडी बदलून तो दुसऱ्या दिवशी मुलुंडला आला. मुदत ठेव मोडून आला होता. व्याज, मुदत, कागद यांतले काही त्याने विचारले नाही. "मेसमध्ये तुमच्या वाटणीची भाकरी मी खाल्लेली आहे," एवढेच म्हणाला.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. निकाल लागले, खिडकी उघडली, परवानगी मिळाली. मग घरात वाद सुरू झाला. वडिलांचे म्हणणे, कंपनीने मानाने दिलेले विकू नये, साहेब काय म्हणतील? धाकट्याचे म्हणणे, भाव चढतो आहे, मित्र काही तगादा लावत नाही, थांबू या. थांबण्याचे मोल खरेच मोठे असते. 2022 साली आयुर्विमा महामंडळाच्या भागविक्रीत कर्मचाऱ्यांना सवलत धरून 904 रुपयांना शेअर मिळाला. 17 मे रोजी बाजारात तो त्याखालीच उघडला, पुढील वर्षी सहाशेच्याही खाली गेला आणि 2024 च्या आरंभी हजारावर चढला. ज्यांच्या घरी लग्न वा आजारपण निघाले, त्यांनी मधल्या भावाला विकला असेल; ज्यांना थांबता आले, त्यांना हजार दिसले. शेअर दोघांचा सारखाच. थांबण्याची ऐपत मात्र सारखी नसते, आणि आमची ऐपत तर मित्राच्या मोडलेल्या ठेवीवर उभी होती. शिवाय ज्या कंपनीवर पगार अवलंबून, शिल्लकही तिच्याच भरवशावर ठेवणे आम्हांला बरे वाटेना. वर्ष उलटलेले तीनशे ऐंशी शेअर विकले. दुसऱ्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात आले, त्याच संध्याकाळी बोरिवलीला पोहोचते केले. मोडलेल्या ठेवीचे बुडालेले व्याज मित्राने शेवटपर्यंत घेतले नाही. ती रक्कम आम्ही त्याच्या मुलीच्या नावे टपाल कार्यालयात ठेवली.

उरलेले दोनशे वीस तसेच आहेत. वडील आता सकाळी मिठागर रस्त्याने फेरी मारून येतात आणि चहाच्या आधी भाव विचारतात. परवा त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला: विकलेले आज विकले असते तर सत्तर हजार जास्त आले असते. आम्ही गप्प. ते चष्मा काढून हसले.

"म्हणजे मी तुम्हांला स्वस्तात पडलो नाही!"