सायगॉनचा पाव, फो आणि गिऱ्हाइकांची मते

परदेशी जायचे ठरले की आपल्या घरांत तिकिटाच्या आधी एक प्रश्न विचारला जातो : तिथे खायचे काय? आम्ही व्हिएतनामला निघालो तेव्हा तर हा प्रश्न प्रत्येकाने विचारला. शेजारच्या खाला म्हणाल्या, "तिथं सगळ्यातच डुक्कर असतं म्हणे. सांभाळून गं." सासूबाईंनी चकल्या, शंकरपाळे आणि लोणच्याची बरणी बांधून दिली. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी आठ दिवसांसाठी नूडल्सची पाकिटे नेण्याचा सल्ला दिला. नूडल्सच्या देशात नूडल्सची पाकिटे न्यायची, याचे मुलांना फार हसू आले.

आम्ही चार कुटुंबे होतो, दोन पुण्याची आणि दोन महाडची. मुंबईहून थेट विमानाने हो ची मिन्ह सिटीला उतरलो. १९७६ पासून शहराचे अधिकृत नाव हे आहे, पण तिथली माणसे बोलताना अजूनही सायगॉनच म्हणतात. शहराच्या मध्यभागी डोंग दू नावाच्या रस्त्यावर उंच हॉटेलांच्या गर्दीत एक पांढरी-हिरवी मशीद आहे. दक्षिण भारतातून व्यापारासाठी आलेल्या मुस्लिमांनी ती १९३५ साली बांधली. मशिदीच्या आसपास आणि बेन थान्ह बाजाराजवळच्या गल्लीत मलेशियन व भारतीय पद्धतीची हलाल हॉटेले आहेत. पहिले दोन दिवस आम्ही तिथेच जेवलो. तिसऱ्या दिवशी मुलांनी बंड केले. "अम्मी, बिर्याणी तर घरीही मिळते. इथलं काहीतरी खाऊ या ना!" मशिदीत मुलांच्या अब्बांनी चौकशी केली तेव्हा एका नमाजीने डिस्ट्रिक्ट आठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातली चाम मुस्लिमांची वस्ती सांगितली. जोहरची नमाज पढून आम्ही तिकडे निघालो.

हजारात एक

व्हिएतनामची लोकसंख्या दहा कोटींवर आहे आणि मुस्लिम लाखाच्या आसपास, म्हणजे हजारात एक. त्यांतले बहुतेक चाम वंशाचे. मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर चाम लोकांचे चंपा नावाचे राज्य होते. सुरुवातीला ते शिवपूजक होते. मी सोन येथील त्यांची विटांची मंदिरे आज युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. पुढे समुद्री व्यापारातून, मलय लोकांच्या संगतीत त्यांच्यापैकी अनेकांनी इस्लाम स्वीकारला. उत्तरेकडच्या व्हिएतनामी सत्तेने १४७१ मध्ये त्यांची विजया ही राजधानी जिंकली आणि १८३२ मध्ये उरलेसुरले राज्यही संपले. पांगलेल्या चाम लोकांपैकी काही कंबोडियात, तर काही मेकाँग नदीच्या मुखाकडे चाऊ डॉक परिसरात वसले. आपल्या कोकणी मुस्लिमांप्रमाणे हे चाऊ डॉककडचे चामही शाफई आहेत. हे कळल्यावर महाडच्या मंडळींचे चेहरे असे खुलले, जणू एखादे हरवलेले नातलग सापडले.

ज्या दुकानात आम्ही जेवलो ते याच चाऊ डॉककडच्या एका कुटुंबाचे. गल्लीच्या तोंडाशी पावाची काचपेटी, आत सहा-सात ठेंगणी टेबले, मागे रस्श्याचे दोन मोठे टोप. डोक्याला घट्ट स्कार्फ बांधलेल्या मालकीणबाई टोपाजवळ आणि कॉलेजात शिकणारी मुलगी गल्ल्यावर. मुलगी इंग्रजी बरे बोलत होती. तिच्या मागच्या भिंतीवर अरबी लिपीतला एक कागद होता. उर्दू शिकवणारी मी, अक्षरे सगळी वाचली, अर्थ मात्र एकाही शब्दाचा लागेना. ती चाम भाषा होती. तिकडचे चाम आपली बोली अरबी अक्षरांत लिहितात, असे मुलीने सांगितले. "अस्सलामु अलैकुम" एवढे मात्र दोन्हीकडे सारखे होते आणि त्यावरच ओळख झाली.

पाव आणि रस्सा

व्हिएतनामी लोकांच्या दुपारच्या झटपट जेवणात दोन पदार्थ हमखास असतात : बान्ह मी आणि फो.

बान्ह मी म्हणजे पाव. आपल्याकडे पाव पोर्तुगीजांबरोबर आला, तिकडे फ्रेंचांबरोबर. वीतभर लांब, वरून पातळ कुरकुरीत, आतून अगदी हलका. फ्रेंच लोक पाव वेगळा आणि मांसाचे काप वेगळे खात. १९५४ मध्ये देशाची उत्तर-दक्षिण फाळणी झाली, लाखो लोक उत्तरेतून सायगॉनला आले आणि त्याच सुमारास इथल्या दुकानांनी सगळे जिन्नस पावाच्या पोटात भरून तो हातात द्यायला सुरुवात केली. कामावर जाणाऱ्याला चालता चालता खाता यावा, हा हेतू. आपल्या वडापावाचाही हेतू तोच. २०११ मध्ये हा शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात गेला.

आत काय असते? गाजर आणि मुळ्याचे आंबट-गोड लोणचे, काकडी, कोथिंबीर, तिखट मिरची, अंड्याच्या पिवळ्या बलकाची साय. पण नेहमीच्या दुकानात यांच्याबरोबर डुकराच्या काळजाची पेस्ट, म्हणजे पाटे, आणि डुकराच्याच मांसाचे काप असतात. चाम दुकानात त्यांच्या जागी 'तुंग लो मो' नावाचे बीफचे सॉसेज होते. मांस, चरबी, आंबवलेला भात आणि मसाला भरून, उन्हात वाळवून, निखाऱ्यावर भाजलेले. पाटे होते, पण कोंबडीच्या काळजाचे.

फो म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवयांचा रस्सा. बीफची हाडे तासन्‌तास उकळायची, त्यात भाजलेले आले-कांदे, दालचिनी, मसाला वेलची आणि बादियानचे फूल. टोपाचे झाकण उघडले तेव्हा आम्हा सगळ्यांना एकदम घरच्या बिर्याणीचा वास आला. यात नवल काहीच नव्हते. बादियानची झाडे व्हिएतनामच्या उत्तरेला लांग सोन प्रांतात मोठ्या प्रमाणावर आहेत आणि आपल्या बाजारातली बादियान, दालचिनी बरीचशी त्या देशातून येते. ताटलीत वेगळा पाला येतो. त्यातला जांभळ्या देठाचा पाला सब्जाच्या जातीचा. रमजानमध्ये आपण शरबतात ज्याचे बी टाकतो, तिकडे त्याची पाने रस्श्यात टाकतात.

पावाची किंमत ३० हजार डोंग ऐकून मुले दचकली. हिशेब केला तर शंभर रुपये झाले. फो त्याच्या दुप्पट.

जेवढी तोंडे तेवढी मते

दुपारची वेळ असल्याने दुकान भरलेले होते. टेबले इतकी जवळ की कोणाचे बोलणे लपून राहत नव्हते. गल्ल्यावरची मुलगी हसत हसत आम्हाला त्याचा तर्जुमा करून सांगत होती.

शेजारी दोन ऑफिसातले तरुण होते, मुस्लिम नव्हते. त्यांच्या मते डुकराच्या पाट्याशिवाय पाव अपुराच. तरी आठवड्यातून दोनदा येतात, कारण ते भाजलेले सॉसेज दुसरीकडे असे मिळत नाही. मूळ हनोईचे एक वयस्कर गृहस्थ फो खात होते. त्यांची तक्रार अशी की दक्षिणेत रस्सा गोड करतात, वर मोड आलेले मूग आणि गोड चटणी घालून त्याची माती करतात. त्यांनी पाल्याची ताटली बाजूला सारून ठेवली होती. समोरच बसलेल्या सायगॉनच्या बाई तीच ताटली अख्खी रिकामी करत होत्या. मलेशियाहून आलेल्या कुटुंबाला रस्सा फार सौम्य वाटला. त्यांनी मिरची मागवली. आमच्यातल्या पुण्याच्या भाईंनी तर निकालच दिला, "मीठ-मसाला नाही. आजाऱ्याचं सूप आहे." त्यांच्याच मुलाने दोन वाट्या संपवल्या.

महाडच्या भाभींनी खेकड्याच्या रस्श्यातल्या शेवया मागवल्या. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "सावित्रीच्या खाडीतल्या चिंबोऱ्या आठवल्या बघ." मी आणि मुलांचे अब्बा हनफी, आम्ही खेकडा आणि माकूल खात नाही. शाफई मसलकात दोन्ही चालते. एकाच टेबलावर, एकाच हलाल दुकानात, त्यांची वाटी आमच्यासाठी नव्हती. कोणी कोणाला टोकले नाही. मुलांनी कारण विचारले आणि तिथेच त्यांना मसलकांतल्या फरकाचा छोटा धडा मिळाला. वर्गात शिकवला असता तर इतका लक्षात राहिला नसता.

हनोईच्या गृहस्थांना गोड रस्सा नको, सायगॉनच्या बाईंना तोच हवा. आपल्याकडेही कोल्हापूरच्या माणसाला पुण्याचा रस्सा पाणचट वाटतो. अशा मताने कोणाचे नुकसान होत नाही, फक्त ते सांगण्याची पद्धत असावी. प्रेषित (स.) अन्नाला कधी नावे ठेवत नसत, आवडले तर घेत, नाही तर राहू देत, असे हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीतून आपल्याला कळते. "आजाऱ्याचं सूप" म्हणणाऱ्या भाईंना त्यांच्या बेगमने हीच आठवण हळू आवाजात करून दिली.

एका शब्दाची किंमत

जेवणानंतर बर्फाचा चहा पिताना मालकीणबाई आमच्यात येऊन बसल्या. मुलीमार्फत गप्पा झाल्या. गेल्या वर्षी एका पर्यटकाने पावातली तपकिरी पेस्ट पाहिली आणि काही न विचारता निघून गेला. पुढे त्याने ओळखीच्या सहलवाल्यांना सांगितले की इथे डुकराचे पाटे वापरतात. तीन-चार महिने बाहेरचे मुस्लिम गिऱ्हाईक जवळपास तुटले. गल्लीतले लोक येत होते म्हणून चूल पेटत राहिली. शेवटी मलेशियाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने आत येऊन सगळे पाहिले, मांस देणाऱ्या वस्तीतल्या चाम खाटकाकडेही जाऊन आला आणि मग लोकांना खरे काय ते सांगितले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "चव आवडली नाही तर सांगा, मी मीठ कमी-जास्त करीन. पण हलाल नाही म्हणण्याआधी एकदा आत येऊन टोप बघा."

हजारात एक असलेल्या समाजातल्या बाईसाठी हलाल हा शब्द तिची सगळी पुंजी आहे. तो खोटा ठरवला तर दुकान बसते आणि आयुष्यभराची दियानत पुसली जाते. मात्र उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. आमच्यातल्या एका भाईंनी हॉटेलजवळच्या एका दुकानाची पाटी वाचून, "बॉ म्हणजे बीफ, चालेल" असा निर्वाळा आदल्या दिवशी दिला होता. पावसामुळे तिकडे जाणे राहिले. पाटीवर 'बुन बॉ हुए' होते हे आम्ही मुलीला सांगितले तेव्हा तिने डोक्याला हात लावला. मध्य व्हिएतनामच्या हुए शहराच्या या रस्श्याच्या नावात बीफ आहे, पण त्यात डुकराचे पाय घालण्याची पद्धत आहे. नुसत्या पाटीच्या भरवशावर चार कुटुंबे तिथे जेवली असती.

रस्सा गोड की सौम्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. हलाल आहे किंवा नाही हे सांगणे मात्र गवाही देणे आहे. तुमच्या शब्दावर दुसरे कुटुंब जेवणार असते आणि तुमच्याच शब्दावर दुसऱ्याची रोजी उभी असते. खबर आली की शहानिशा करा, नाही तर अजाणतेपणी लोकांचे नुकसान कराल, ही सूरह हुजुरातची ताकीद इथेही लागू पडते.

जाणाऱ्यांसाठी

काही शब्द पाठ असलेले बरे. 'हेओ' म्हणजे डुक्कर. उत्तरेकडे त्यालाच 'लन' म्हणतात. 'बॉ' बीफ, 'गा' कोंबडी, 'का' मासा, 'तोम' कोळंबी, 'कुआ' खेकडा. 'चाय' अशी पाटी दिसली तर चहा समजू नका. ते बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण असते. 'हू तिऊ' नावाच्या शेवयांचा रस्सा बहुतेक ठिकाणी डुकराच्या हाडांचा असतो. मासे आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून केलेला 'नुओक माम' हा रस जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतो. त्याच्या उग्र वासाने घाबरू नका. दुकानात विचारताना तीन गोष्टी विचारा : मांस कोठून येते, रस्श्यात कोणती हाडे आहेत आणि पावात कशाचे पाटे आहे. प्रामाणिक दुकानदाराला या प्रश्नांचा राग येत नाही. त्या बाईंनी तर आम्ही न विचारताच झाकण उघडून दाखवले होते.

परत आल्यावर दुसऱ्याला सांगायचे असेल तर जे स्वतः पाहिले तेवढेच सांगा. शेजारच्या खालांनी विचारले तेव्हा मीही तसेच केले. म्हटले, "खाला, सगळ्यात नसतं. पण विचारावं लागतं." त्यांनी लोणच्याच्या बरणीचे काय झाले ते विचारले. ती मालकीणबाईंना देऊन आलो होतो. कैरीचे लोणचे त्यांना फार तिखट वाटले, असे त्यांच्या मुलीने नंतर कळवले.