न दुखणाऱ्या कोपराचं दुखणं

करंगळीला मुंग्या यायला लागल्या की माणूस आधी मान दाखवायला जातो. एमआरआय होतो, वयानुसार मणक्यांची थोडीफार झीज सापडतेच, मग गळ्यात पट्टा येतो आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू होतात. अशी जाडजूड फाइल समोर आली की मी फाइल बाजूला ठेवतो आणि दोन्ही बाह्या वर करायला सांगतो. तळवे पुढे करून हात सरळ सोडले की कधीकधी एक कोपर बाहेरच्या अंगाला कललेलं दिसतं.

‘‘काका, लहानपणी पडला होतात का?’’

‘‘हो, चिंचेवरून. हाडवैद्यानं बांधलं होतं. पण नंतर कधी दुखलं नाही हो!’’

सगळी गोम या ‘दुखलं नाही’मध्येच आहे.

पाच-सहा वर्षांचं मूल हात टेकून पडतं आणि दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाची बाहेरची बाजू तुटते. त्या वयात हा भाग बराचसा कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. फिल्मवर नखाएवढा कपचा दिसतो. प्रत्यक्षात सांध्याचा चांगला मोठा तुकडा सुटलेला असतो. मनगट उचलणारे स्नायू नेमके त्याच तुकड्याला चिकटलेले, ते त्याला ओढत राहतात. फटीत सांध्यातलं वंगण शिरतं आणि हाड जुळू देत नाही. तुकडा दोन मिलिमीटरहून जास्त सरकला तर साधारणपणे तारा घालाव्या लागतात. जागेवर असलेला तुकडाही प्लास्टरच्या आत सरकू शकतो, म्हणून आठवड्याभरात पुन्हा एक्स-रे हवा.

तो राहून गेला आणि हाड जुळलं नाही, तरी मूल खेळायला लागतं. घरचे निर्धास्त होतात. कोपर मात्र वाढीबरोबर बाहेर झुकत जातं. सरळ हाताला पाच ते पंधरा अंशांचा बाक साधारण सगळ्यांनाच असतो. इथे तो तीस-चाळीसवर जातो. कोपर कशावर आपटलं की जिच्यामुळे झिणझिण्या येतात ती अल्नर नर्व्ह आतल्या बाजूच्या खोबणीतून जाते. तिची वाट लांबते आणि हात दुमडला की ती प्रत्येक वेळी ताणली जाते. असं वीस-तीस वर्षं चालतं, मग करंगळीला मुंग्या येतात आणि पंजा लुळा पडत जातो. पॅरिसमधले डॉ. पानास यांनी या उशिरा येणाऱ्या लुळेपणाचं वर्णन १८७८मध्येच केलं होतं.

गंमत अशी, की कोपराच्या वरचं हाड मोडून त्याच दिवशी नस दुखावली, अंगठ्याचं टोक वाकेनासं झालं, तर आईबाप हादरतात. पण ती नस बहुतेक वेळा काही महिन्यांत आपणहून सुधारते. घाबरवणारी बरी होते, गप्प बसलेली दगा देते.

तपासायला मी साधा कागद देतो. तो अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरायचा, मी ओढतो. नस कमजोर असेल तर अंगठ्याचं टोक वाकवून माणूस कागद कसाबसा धरून ठेवतो. दोन्ही हातांचे पंजे शेजारी ठेवले की अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग एका हातात खोल गेलेला दिसतो. बटण लावणं, किल्ली फिरवणं इथेच अडतं.

शस्त्रक्रियेत नस खोबणीतून सोडवून कोपराच्या पुढच्या बाजूला आणतात. काही वेळा हाडही सरळ करावं लागतं. पण नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आणि कोपर ते पंजा हे अंतर मोठं. वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू सहसा परत येत नाही. नुसत्या मुंग्या असताना आलेल्याचा हात वाचतो. पंजा सुकल्यावर आलेल्याचं आणखी नुकसान थांबवणं एवढंच बऱ्याचदा हाती उरतं.

म्हणून कोपर मोडलेल्या मुलाचे दोन्ही हात, उंची वाढायची थांबेपर्यंत, वर्षातून एकदा शेजारी शेजारी धरून पाहावेत आणि फरक वाढत असेल तर दाखवावेत. काही दुखत नसताना दवाखान्यात जाणं आपल्याकडे चोचले समजतात. या एका कोपरापुरते ते चोचले जरूर करावेत.